तळाशी उरलेले दोन ठोकळे

एलिसेओ दाराशी गुडघ्यावर बसून लेकीच्या कोटाचं बटण लावत होता, आणि ते काही केल्या लागत नव्हतं. बटण चांगलं बोराएवढं, लाकडी. भोकही मोठं. तरी त्याच्या उजव्या हाताची बोटं त्यावरून घसरत होती, जणू बटणाला साबण लावलाय.

"पपा, भोक इकडे आहे," आयलीन म्हणाली. तिला नुकतंच चौथं लागलं होतं, आणि जगात कुठे काय आहे ते सगळं तिला ठाऊक होतं.

"अगं, हे बटण लाजतंय. घरात जायला तयारच नाही," असं म्हणून त्यानं हळूच डावा हात पुढे केला आणि काम उरकलं.

चुलीपाशी त्याची बायको मारिसेल किसलेले बटाटे फडक्यात पिळत होती. तिनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. पण फडक्यातलं पाणी संपलं तरी ती पिळतच राहिली.

"रात्री अंगाखाली आला हात," कुणी विचारलं नसताना एलिसेओ म्हणाला.

"कालही अंगाखालीच आला होता?"

"झालं तुझं सुरू."

"मी काय सुरू केलं? मी आपले बटाटे पिळतेय."

तो हसला, पण हसताना खांदा चोळत होता.

एलिसेओ पाणबुड्या होता. खाडीत सॅल्मन माशांचे गोल पिंजरे आले तेव्हापासून रोज सकाळी हवेच्या नळीचं टोक तोंडात धरून तो जाळ्याच्या तळाशी उतरायचा आणि मेलेले मासे वेचून वर आणायचा. लग्नाआधीपासूनचं काम. आता मात्र खाडीचं रूपच बदललं होतं. उघड्या समुद्रात जाळी लावून मासे पाळायचे नाहीत असा हुकूम निघाला, आणि उन्हाळाभर मोठ्या बोटी येऊन मासे उपसून घेऊन गेल्या, पलीकडे मुख्य भूमीवर, छपराखालच्या मोठमोठ्या टाक्यांत. मग पिंजरे गेले. मारिसेल खिडकीतून बघायची आणि रोज पाणी थोडं जास्तच मोकळं दिसायचं. काहींना त्यानं हायसं वाटलं. ती मात्र घरातले पैसे पुन्हा मोजायची.

कंपनीनं एलिसेओला शब्द दिला होता: टाक्यांवर तुला काम. कोरड्या जागी, बूट घालून. फक्त आधी खाडीचा तळ साफ करून द्यायचा. पिंजरे ज्यांना बांधले होते ते सिमेंटचे भलेमोठे ठोकळे बोटीनं बहुतेक उचलले होते. किनाऱ्याकडचे दोन तेवढे चिखलात रुतून बसले, आणि बोट दुसऱ्या कामाला निघून गेली. आता शनिवारी एलिसेओनं खाली उतरायचं, ठोकळ्यांना हवेच्या पिशव्या बांधायच्या, पिशव्या फुगवून ते वर आणायचे.

"किती खोल आहेत?" मारिसेलनं त्या रात्री विचारलं.

"आहेत थोडे."

"थोडे म्हणजे तुझ्या परवान्यात लिहिलंय तेवढे, की त्याच्या दुप्पट?"

त्यानं पांघरूण ओढून घेतलं. दुप्पटच, हे तिला कळलं.

"हात दुखतोय हे मुकादमाला सांग."

"सांगितलं की डॉक्टर तपासणार. डॉक्टरनं तपासलं की टाक्यांचं काम गेलं. दोन ठोकळे, मारिसेल. दोनच. आणि तुला खरं सांगू? पाण्यात गेलं की दुखायचं थांबतं."

तिचा भाऊ रुबेन, तोही पाणबुड्याच होता, अगदी हेच म्हणायचा. पाण्यात गेलं की बरं वाटतं गं. खोल पाण्यातून भराभर वर आल्यानं जडणारा हा आजार असाच असतो: ज्यानं मारलं त्याच्याच कुशीत आराम वाटतो. रुबेन आता काठी घेऊन चालतो. वय पस्तिशीच्या आत, आणि उंबरा ओलांडायचा तर आधी उजवा पाय हातानं उचलून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती आयलीनला घेऊन समुद्रशेवाळ गोळा करायला गेली. पोरगी खडकांवरून उड्या मारत होती. मध्येच हाक आली, "ममा, समुद्राला दोरी बांधलीय!"

खरंच होतं. किनाऱ्यावरच्या मोठ्या खडकाला मनगटाएवढा जाड दोर गुंडाळलेला होता आणि तिथून तो पाण्यात गेला होता. थोड्या अंतरावर तसाच दुसरा. ठोकळ्यांचेच दोर ते. कुणी कापलेच नव्हते. मारिसेलनं एकाला हात लावला. ओला, थंड, शेवाळलेला. तिला आजीचं घर आठवलं. ती लहान असताना ते अख्खं घर, चुलीसकट, खिडक्यांच्या पडद्यांसकट, बैलांनी ओढत टेकडीवरून किनाऱ्यावर आणलं होतं. घर ओढून नेता येतं. मग दगड का नाही?

आब्दोनकाका बेटावरचा मिंगाचा म्होरक्या होता. मिंगा म्हणजे गावानं मिळून करायचं काम: घर हलवायचं असो की होडी, सगळं गाव बैल घेऊन जमतं, राबतं, यजमानाकडे जेवतं, आणि हाकारे द्यायला आब्दोनकाका. मारिसेलनं त्याला दोर दाखवले. त्यानं टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"घर ओढलंय. चर्च ओढलंय. एकदा एक नवरासुद्धा ओढून आणलाय दारूच्या गुत्त्यातून. समुद्राचा तळ मात्र कधी ओढला नाही बुवा."

"पण येईल का ओढता?"

"आठ-दहा जोड्या हव्यात. पाण्यात वजन हलकं असतं, पण चिखल घट्ट धरतो." मग तो तिच्याकडे नीट बघायला लागला. "कंपनीचे ठोकळे, आणि विनंती तू करणार?"

"ठोकळे कंपनीचे. माणूस माझा आहे, काका."

त्यानं टोपी पुन्हा नीट बसवली. "जा मग. दारोदार जा. रीत ठाऊक आहे ना? घरात जाऊन बसायचं, मग मागायचं. आणि एकही दार चुकवू नकोस, पोरी. न बोलावलेल्याला मिंगात येता येत नाही. आणि न बोलावल्याचं कुणी विसरत नाही."

मुकादम गायार्दो मुख्य भूमीवरचा माणूस. त्यानं खांदे उडवले. "ओढा की. मला ठोकळे वर हवेत, बैलांनी आणा नाहीतर देवदूतांनी. पण शनिवारी संध्याकाळी हवेचं यंत्र घेऊन होडी परत जाणार. भरती लागायच्या आत नाही आले, तर तुझा नवरा उतरेल."

घरी एलिसेओ चिडला. "गावभर माझ्या हाताचा डंका पिटणार?"

"हाताचं कुणाला सांगणार नाही. बैल मागणार आहे फक्त."

आणि ती निघाली. पाऊस होताच. आयलीन पाठीवर शालीत बांधलेली. घरोघरी ती बसली, नळीनं ओढायचा कडू चहा प्यायली, तब्येती विचारल्या आणि मग म्हणाली, "विनंती घेऊन आलेय." नाही कुणीच म्हटलं नाही, विनंतीला नाही म्हणायची पद्धतच नाही. पण टोमणे मारायला कुठे बंदी आहे?

"मासे गेले, पगार गेला, आणि जाता जाता त्यांचे दगड आम्ही ओढायचे होय?" एक जण म्हणाला. त्याचीही नोकरी पिंजऱ्यांसोबत गेली होती.

"त्यांचे मासे आता छपराखाली राहतात म्हणे," त्याची बायको म्हणाली. "आमचं छप्पर गळतंय, ते बघायला कोण येतंय?"

"मी येईन," मारिसेल म्हणाली. "दिवसाला दिवस. तुमच्या कामाला माझा दिवस."

"अगं, गंमत केली. येतो आम्ही. कोंबडी करशील ना?"

टेकडीच्या वळणावर निळ्या दाराचं घर होतं. क्लोरिंदाकाकूचं. तिथे मारिसेलचे पाय आपोआप हळू झाले.

पिंजरे आले त्या वर्षापासून क्लोरिंदाकाकू त्यांच्या विरोधात होती. तिचे शिंपले मेले, किनाऱ्याची वाळू काळी पडली, तेव्हा ती काळ्या चिखलाची बादली घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली आणि टेबलावर ओतून आली. मागच्या वर्षी गावसभेत मारिसेल सगळ्यांसमोर उभी राहून तिला म्हणाली होती, "तुम्हाला ना लेकरू ना बाळ. माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढताना तुमचं काय जातं?" क्लोरिंदाकाकूनं फक्त शाल सावरली होती.

आता त्या दाराच्या आतून धूर येत होता. मारिसेल उभी राहिली. काकूचे बैल वरच्या रानात असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पोरगी भिजतेय. नऊ जोड्या तर झाल्याच. उद्या येऊ. आणि ती पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही पुढेच गेली.

शनिवारी ओहोटीला सगळा गाव किनाऱ्यावर होता. बायकांनी तापल्या दगडांवर बटाटे आणि मटण रचून वर पानं झाकली होती. आयलीन त्या वाफेभोवती नाचत होती. होडीत रुबेन नळी सांभाळायला बसला होता. पायानं अधू असला तरी हात शाबूत होते, आणि एलिसेओ दुसऱ्या कुणाच्या हाती नळी द्यायला तयार नव्हता. एलिसेओ स्वतः रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवून बसलेला. शब्द दिलाय, तयार राहायलाच हवं, म्हणत होता.

आब्दोनकाकानं जोड्या एकामागे एक जुंपल्या. "हाऽऽ!" त्याचा आवाज खाडीपलीकडे गेला. दोर ताणला, थरथरला, पाणी झटकलं. बैलांचे खूर वाळूत रुतले. "हाऽऽ! ओढा रे, सासूला आणताय का, एवढे हळू?" लोक हसले, आणि त्या हसण्यातच दोर हातभर पुढे आला. मग आणखी. बऱ्याच वेळानं पाण्यातून काळंकुट्ट काहीतरी वर आलं, मेलेल्या शिंपल्यांनी भरलेलं. असा वास सुटला की बायकांनी शाली नाकाला लावल्या.

मारिसेल हसली. कितीतरी दिवसांनी. एक झाला. एकच उरला.

दुसरा हलेना. नऊ जोड्या लावल्या, माणसंही दोराला लागली, तरी हलेना. आब्दोनकाकानं घाम पुसला आणि बैलांवरून नजर फिरवली.

"क्लोरिंदाची जोडी कुठाय? ओल्या वाळूत चालणारी तीच एक जोडी आहे."

मग दोन तरुण पुढे आले. क्लोरिंदाकाकूचे भाचे. थोरल्यानं मारिसेलला विचारलं, "आत्याला सांगितलं नव्हतं?"

मारिसेल एक पाऊल मागे सरली. "मी... जाणार होते."

"आम्हाला वाटलं, ती रागानं आली नाही." धाकट्यानं जोखडाच्या वाद्या सोडायला सुरुवात केली. "तिला वगळून केलेल्या कामात आम्ही हात लावायचा?"

"अरे, ऐका—"

"माफ कर, मारिसेल. तुझ्याशी भांडण नाही. पण ती आमची आत्या आहे."

दोन जोड्या गेल्या. आब्दोनकाकानं तिच्याकडे बघितलं, आणि तिला वाटलं की त्यानं ओरडावं, पण तो ओरडला नाही. मागे गायार्दो घड्याळ बघत होता. "पाणी वळलं," तो म्हणाला. "बास आता. एलिसेओ, चढव तो पोशाख."

होडीवरचं हवेचं यंत्र धडधडायला लागलं.

मारिसेल धावली. आयलीनला कुणाच्या स्वाधीन केलं हेही तिला नंतर आठवेना. चिखलाची चढण, पायात भिजलेले बूट, आणि कानात ते यंत्र. धड-धड-धड.

निळं दार उघडंच होतं. क्लोरिंदाकाकू चुलीपाशी लोकर कातत बसली होती.

"काकू, तुमचे बैल—"

"ये. बस."

"काकू, बसायला वेळ नाही, तो खाली—"

"विनंती उभ्यानं करत नाहीत," क्लोरिंदाकाकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मारिसेल बसली. काकूनं किटली उचलली, पेल्यातल्या चहापत्तीवर उकळतं पाणी ओतलं, नळी नीट केली आणि पेला तिच्या हातात दिला. तो चहा घोटाघोटानंच पिता येतो. मारिसेलनं ओढला आणि जीभ भाजली. खालून यंत्राचा आवाज येत होता. अजून नुसतंच चालतंय की हवा ओढायला लागलंय? माणूस खोल गेला की यंत्राचा आवाज जड होतो असं रुबेन सांगायचा. तिला वाटलं, जड झाला. मग वाटलं, नाही.

"तब्येत कशी आहे, काकू?" तिनं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गुडघे दुखतात. तुझी पोरगी?"

"बरी आहे."

"बोलते छान. परवा दारावरून गेलात तेव्हा ऐकलं मी. 'ममा, हे निळं घर राहिलं' म्हणत होती."

मारिसेलनं मान खाली घातली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी सभेत बोलले ते वाईट बोलले. त्याची लाज वाटली म्हणून दार चुकवलं. त्याचा हात गेलाय, काकू. बटण लावता येत नाही त्याला. आज उतरला तर रुबेनसारखा होईल, नाहीतर वरच येणार नाही. मी विनंती घेऊन आलेय."

क्लोरिंदाकाकूनं चाती खाली ठेवली. "मला पिंजरे नको होते. पिंजऱ्यांवरची माणसं नकोत असं कधी म्हटलं मी?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. बैल मागच्या अंगणात आहेत. सकाळपासून जू घालून उभे केलेत. बिचारे कंटाळले."

दोघी उतरेपर्यंत होडीजवळच्या पाण्यावर बुडबुडे होते. एलिसेओ खाली गेला होता.

भाचे आत्याला बघून पुन्हा जोखड बांधायला लागले. दहा जोड्या एका ओळीत उभ्या राहिल्या. गायार्दो ओरडला, "चला, ओढा, ओढा!"

"माणूस खाली असताना?" आब्दोनकाका वळला. "दोर तुटला तर? घरात माणूस असतं तेव्हा घरसुद्धा आम्ही विचारून ओढतो, साहेब."

"रुबेन!" मारिसेल पाण्यात कमरेपर्यंत शिरून ओरडली. "वर बोलव त्याला!"

रुबेननं नळीला ठरलेले झटके दिले. थांबला. पुन्हा दिले. खालून उत्तर आलं नाही. त्याचा चेहरा तिला दिसत होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. तिसऱ्यांदा झटके दिले. मग त्याच्या हातातली नळी किंचित हलली.

"येतोय," रुबेन म्हणाला. "हळू आणतो. घाई करू नका कुणी. माझ्या वेळी घाई केली होती."

गायार्दो काहीतरी बोलायला गेला. क्लोरिंदाकाकूनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कचेरीतली बादली त्यालाही आठवत असावी. तो मागे सरकला.

रुबेन नळी वीतभर आत घ्यायचा आणि थांबायचा. बुडबुडे एकाच जागी येत राहायचे. पाणी चढत होतं, मारिसेलच्या छातीपर्यंत आलं. कुणीतरी तिला मागे ओढत होतं. किनाऱ्यावर आयलीन विचारत होती, "पपा मासे वेचतोय का?"

शेवटी काळं डोकं वर आलं. एलिसेओनं नळी तोंडातून काढली आणि होडीची कड धरायला उजवा हात उचलला. हात अर्ध्यावर आला आणि पाण्यात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. रुबेननं त्याला काखेत धरून वर घेतलं. सगळ्या गावानं बघितलं. गायार्दोनंही.

"तळापर्यंत पोचलो नव्हतो," एलिसेओ दात वाजवत म्हणाला. "वाटेतच होतो. खाली बरं वाटत होतं. म्हणून उत्तर दिलं नाही."

मागे आब्दोनकाकानं हाकारा दिला. क्लोरिंदाकाकूचे बैल सर्वांत पुढे, ओल्या वाळूत मान खाली घालून चालले, आणि चिखलानं दुसरा ठोकळा सोडला. लोकांनी आरोळी ठोकली. मारिसेलनं वळूनही पाहिलं नाही.

"आता टाक्यांवर घेणार नाहीत मला," एलिसेओ हळूच म्हणाला.

तिनं गायार्दोकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली, मग म्हणाला, "आधी दवाखान्यात न्या. पलीकडे पाणबुड्यांवर उपचार करायची दाबाच्या हवेची खोली आहे, तिथे. बाकीचं... माझ्या हातात नाही. बोलून बघतो."

"होडी?" मारिसेलनं विचारलं.

"हीच न्या. भाडं संध्याकाळपर्यंतचं दिलेलंच आहे."

आयलीनला क्लोरिंदाकाकूनं कडेवर घेतलं. "ही आज माझ्याकडे. आणि तू माझे बटाटे काढायला येशील," ती मारिसेलला म्हणाली. "दिवसाला दिवस. हा बरा झाला की."

"हो काकू."

"बरा झाला नाही तरी ये."

होडी खाडीबाहेर पडली तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला. रुबेन सुकाणूवर होता. मारिसेलनं एलिसेओला आपल्या कोटात घेतलं, जसं ती तापात आयलीनला घ्यायची, आणि त्याचा उजवा हात स्वतःच्या पोटाशी, कपड्यांच्या आत धरला. तो हात समुद्रासारखा गार होता.

"बोटं हलव," ती म्हणाली.

"हलवली."

"खोटं बोलू नकोस. पुन्हा."

थोड्या वेळानं तिच्या पोटाला काहीतरी जाणवलं. एक बोट, कदाचित दोन. पलीकडचा किनारा अजून दिसत नव्हता. तिनं त्याच्या केसांतलं पाणी निपटलं आणि पुन्हा म्हणाली, "हलव बघू."